गुडघा मुरगळल्यावर: मेनिस्कस आणि लिगामेंटची इजा कशी ओळखायची, कशी सांभाळायची

गुडघा मुरगळला की घरात पहिला प्रश्न निघतो तो एमआरआय कुठे करायचा याचा. त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: सूज किती तासांत आली आणि गुडघा पूर्ण सरळ होतो का. अर्धं निदान या दोन उत्तरांतच असतं.

नेरूळ-खारघरच्या टर्फवर पाय रोवलेला असताना अंग वळलं, आतून ‘कट्’ आवाज आला, पुढे खेळता आलं नाही आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचलंय असं धरून चाला. तरुण माणसात अशा सुजेमागे बहुतेकदा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेलं पुढचं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तुटलेलं निघतं. कबड्डीत पकड चुकवताना किंवा दहीहंडीच्या थरातून उडी मारताना पाय वाकडा पडला तरी हेच होतं. याउलट सूज रात्रभरात हळूहळू चढली, सांध्याच्या फटीवर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय आणि उकिडवं बसताना कळ येते, तर संशय मेनिस्कसवर जातो. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या असतात, त्या म्हणजे मेनिस्कस. दोन्ही इजा एकत्रही होतात.

गुडघ्याला बाहेरून धडक बसली आणि आतल्या बाजूला दुखतंय, तर आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल. घोडबंदर रोडच्या खड्ड्यात दुचाकी घसरून वाकलेला गुडघा थेट डांबरावर आपटला, तर मागचं लिगामेंट, पीसीएल. यात माणूस बऱ्याचदा चालत घरी येतो, म्हणून ही इजा नजरेतून सुटते.

पाऊल गार किंवा पांढरं पडलं, बधीर झालं, वर उचलता येत नाही, किंवा गुडघा जागेवरून निसटून पुन्हा बसल्यासारखा वाटला, तर बर्फ लावत घरी थांबू नका. गुडघ्यामागच्या मुख्य रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि पाय वाचवायला हाताशी मोजके तास असतात. त्याच वेळी मोठं रुग्णालय गाठा.

एक्स-रे कधी काढायचा, याचा कॅनडातून आलेला एक सोपा नियम जगभर वापरतात. वय 55 किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, नडगीच्या बाहेरच्या बाजूला वर असलेल्या हाडाच्या गाठीवर दुखणं, गुडघा 90 अंश न वाकणं, किंवा इजेनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं न टाकता येणं: यातलं एक जरी असेल तर एक्स-रे. पंचेचाळिशीपुढच्या माणसाचा जुनाट दुखणारा गुडघा असेल तर एक्स-रे उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत झीज लपते.

पहिले चार दिवस

बर्फ पातळ टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजते. सहा इंची क्रेप बँडेज पोटरीच्या मध्यापासून मांडीपर्यंत, खालून वर बांधत या. बोटं निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. चालायला लागणारच असेल तर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि सगळा भार पुन्हा त्याच गुडघ्यावर टाकतात.

गरम शेक, तेलाची मालीश आणि ‘बसवून घेणं’ या दिवसांत पूर्ण बंद. सांध्यात रक्त असताना मालीश केली की रक्तस्राव वाढतो. गुडघा अडकलेला असताना कुणी जोराने ओढला तर शिवता आली असती अशी गादी चिंधी होऊन जाते. वेदनेसाठी पॅरासिटामॉलने सुरुवात करा. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा रक्तदाब असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि नंतर सरळ करायला महिने जातात. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली घ्या, गुडघ्यामागे हवा राहू द्या, पाच ते दहा मिनिटं पाय स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. दिवसातून चार-पाच वेळा. त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू घट्ट आवळून गुडघ्याची मागची बाजू अंथरुणावर दाबा, मनात पाच मोजा, सोडा, असं दहा वेळा. आवळताना वाटी मांडीकडे सरकलेली दिसली पाहिजे. सरकत नसेल तर स्नायू झोपलाय. सूज आहे तोवर तो झोपतोच, म्हणून सूज उतरवणं हाच पहिला उपचार. पाय मात्र सरळ व्हायला मध्येच घट्ट अडकत असेल तर जोर लावू नका. फाटलेल्या गादीचा तुकडा मध्ये आला असण्याची शक्यता असते. अशा अडकलेल्या गुडघ्याला त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

तपासणीत काय व्हायला हवं

चांगली तपासणी हाताने होते आणि दुखऱ्या गुडघ्याआधी धड गुडघ्यापासून सुरू होते. एसीएलसाठी लॅकमन चाचणी करतात. पाय 20 ते 30 अंश वाकवून डॉक्टर एका हाताने मांडी स्थिर धरतात आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात. धड पायात नडगी थोडी सरकून ठाम अडते, दोरी ताणल्यासारखी. तुटलेल्यात ती मऊ, सैल पुढे येत राहते. एमसीएलसाठी पाय आधी सरळ आणि मग 30 अंशांत बाहेरून आत ढकलून आतली फट उघडते का ते पाहतात. मेनिस्कससाठी फटीवर दाबून, गुडघा वाकवून फिरवून बघतात. दुखण्यामुळे स्नायू कडक असतील तर पहिल्या आठवड्यात या चाचण्या फसतात. म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा तपासून घेणं योग्य. हात न लावता थेट एमआरआय लिहून दिला असेल तर ‘तपासणीत काय आढळलं?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एमआरआयचा अहवाल वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मेनिस्कसमध्ये ‘ग्रेड 1’ किंवा ‘ग्रेड 2’ लिहिलं असेल तर ते फाटणं नाही. ‘ग्रेड 3’ म्हणजे खूण पृष्ठभागापर्यंत पोचली आहे, ते फाटणं. ‘एसीएलचं म्युकॉइड डिजनरेशन’ हा बहुतेकदा वयाचा बदल असतो, दुखापत नाही. आणि चाळिशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या एमआरआयमध्येही फाटलेली गादी सर्रास दिसते. फिनलंडमध्ये झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झिजून फाटलेल्या मेनिस्कसचे 146 रुग्ण होते. काहींवर खरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, काहींवर नुसती छेद देऊन नाटकी. वर्षभराने दोघांच्या त्रासात फरक नव्हता. झिजलेल्या गादीसाठी आधी तीन महिने व्यायाम, हाच शहाणा क्रम.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या घरांत फार दिसतो. पन्नाशीच्या आसपासची बाई जमिनीवरून उठते, गुडघ्यामागे ‘कट्’ होतं, जोराची कळ येते आणि एक्स-रे मात्र चांगला येतो. ‘संधिवात आहे, गोळ्या घ्या’ म्हणून ती परत पाठवली जाते. इथे आतल्या गादीचं मूळ हाडापासून उखडलेलं असू शकतं. मूळ सुटलं की गादी बाहेर सरकते, भार थेट हाडांवर येतो आणि सांधा भराभर झिजतो. एमआरआय करताना ‘मागच्या मुळाकडे लक्ष द्या’ असं रेडिओलॉजिस्टला लिहून द्यायला सांगा. सांधा फारसा झिजलेला नसेल आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला नसेल तर मूळ पुन्हा हाडाशी बांधता येतं. तोवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आणि भारतीय शौचालय बंद.

शस्त्रक्रिया: कुणाला, कधी

एमसीएल एकटंच दुखावलं असेल तर शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. हलकी इजा एक ते तीन आठवड्यांत, पूर्ण तुटलेलं साधारण सहा आठवडे बिजागरीचा ब्रेस लावून जुळतं.

एसीएल तुटलं म्हणजे शस्त्रक्रियाच, असं नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या अभ्यासात आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया असा मार्ग घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागली नाही. कबड्डी-फुटबॉल खेळायचंच आहे, जिना उतरताना गुडघा दगा देतो, किंवा सोबत शिवण्याजोगी गादी फाटलीय, त्यांनी करावी. फुगलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर मात्र घाई नको. गुडघा पूर्ण सरळ व्हावा, सूज ओसरावी, लंगडणं जावं, मग टेबलावर जावं. नाहीतर सांधा कायमचा आखडतो.

फाटलेल्या गादीचा बाहेरचा तिसरा हिस्सा रक्तपुरवठ्याचा, तिथला टाका जुळतो. आतल्या कडेला रक्त नसतं, तिथे बहुधा तुकडा कापावा लागतो. कापलेला माणूस त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. शिवलेल्याला चार ते सहा आठवडे वाकवण्यावर आणि बऱ्याचदा भारावरही बंधन असतं, खोल बैठक साधारण चार महिने नाही. जास्त थांबावं लागलं तरी शिवता येत असेल तर शिवूनच घ्या. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. दाखल होण्याआधी त्याच्याकडे चौकशी करा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

पुढचे महिने

शस्त्रक्रियेत बसवलेलं नवं एसीएल साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सर्वांत कमजोर असतं, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. याच काळात लोक चालत्या लोकलमधून उतरतात. व्यायामाचा भार रोज सकाळी सूज बघून ठरवा: वाटीच्या आतल्या बाजूने तळवा वर फिरवा, मग बाहेरच्या बाजूने खाली. आतला खळगा पुन्हा फुगला तर कालचा व्यायाम जास्त झाला, आज निम्मा करा. चालायला सुरुवात तलावपाळीसारख्या सपाट जागी; येऊरचा चढ-उतार नंतर. खेळात परतणं नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि तेव्हाही दुखऱ्या पायाची ताकद व एका पायावरची उडी धड पायाच्या 90 टक्के भरली तरच.

स्टेशनच्या पुलावर कठड्याला धरून जा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाबरोबरच पडली पाहिजे.