घरात मराठी, दाराबाहेर दुसरी भाषा: मुलाला दोन्ही कशा द्याव्यात

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला मराठी समजते, पण उत्तर ते दुसऱ्याच भाषेत देते, ही तक्रार बहुधा मूल शाळेत जाऊ लागले की सुरू होते. शिकवणी लावण्याआधी पालकांनी एवढेच तपासावे, की मराठीवाचून त्या मुलाचे दिवसभरात काही अडते का. अडत नसेल, तर तशी गरज घरातच निर्माण करावी लागते. जेवणाची वेळ, झोपतानाची गोष्ट, आजीशी बोलणे असे दोन-तीन प्रसंग मराठीचेच ठरवावेत आणि ते मोडू नयेत. आई-वडिलांच्या भाषा वेगळ्या असतील, तर ज्याने त्याने आपापली भाषा बोलावी.

चुका पकडत बसू नये. मुलाने ‘आम्ही बागेत जाऊया का?’ असे विचारले, तर ‘हो, आपण जाऊया’ म्हणून चपला घालाव्यात. आम्ही आणि आपण यांतला भेद व्याख्येने नव्हे, अशा उत्तरांनीच रुजतो. केवळ वडिलांकडून मराठी ऐकणारी मुलगी ‘मी जातो’ म्हणते, तेव्हा तिचे अनुकरण खरे तर अचूक असते. तिला मावशी, आत्या, मराठी मैत्रिणी यांचे बोलणे कानावर पडायला हवे. ‘होमवर्क फिनिश करायचंय’ या वाक्याचीही धास्ती नको, कारण त्यातले शब्द उसने असले तरी वाक्याची चौकट मराठीच आहे.

परिसराची भाषाही मुलाला मोकळेपणाने येऊ द्यावी. तंजावरात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांची सत्ता आली. तिच्यामागोमाग स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी बाहेर तमिळ आत्मसात केली आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवली. तिच्यात तमिळ मिसळली, पण ती बोलली जात राहिली. मात्र तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आज त्यांतल्या अनेकांना वाचता येत नाही. बोली घरात तगते, लिपीला वेगळा सराव लागतो.

म्हणून मूल शाळेत अक्षरे शिकू लागले, की देवनागरीही सुरू करावी. धडे गिरवून घेण्यापेक्षा वाणसामानाची यादी मुलाकडून मराठीत लिहून घ्यावी आणि आजोबांचा व्हॉट्सॅपवरचा निरोप स्वतः न वाचता फोन त्याच्या हाती द्यावा.