डिलीट संपत नसेल तर फॉरेन की तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेसचा. गड्डा यात्रेच्या आधल्या आठवड्यात चार हजार जुन्या ऑर्डरी काढायला घेतल्या आणि डिलीट (टेबलातल्या नोंदी, म्हणजे रो, काढायचा आदेश) काही संपेना. मालकांचा फोन आला, "साहेब, चलन निघायला लई वेळ लागायलाय, बघा की जरा." (चलन म्हणजे मालासोबत जाणारी पावती.)

अशा वेळी आधी एवढंच ठरवा: डिलीट काम करतंय की कुणाची वाट बघत थांबलंय? दुसऱ्या कनेक्शनवरून पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (सध्या कोण काय चालवतंय याची यादी) उघडा. वेट_इव्हेंट_टाइपमध्ये 'लॉक' (दुसऱ्याने अडवून धरलंय) दिसलं, तर पीजी_ब्लॉकिंग_पिड्स अडवणारा सेशन, म्हणजे कनेक्शन, दाखवतं. बहुतेकदा कुणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडी टाकून चहाला गेलेलं असतं.

आमच्याकडे लॉक नव्हता. मग डिलीट रद्द केलं आणि फक्त दहा ऑर्डरींवर चाचणी घेतली: बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), एक्सप्लेन अनालाइझ डिलीट (डिलीट चालवून कुठे किती वेळ गेला ते दाखवतं), रोलबॅक (सगळं पूर्ववत). रोलबॅक विसरू नका, कारण अनालाइझ लावलं की रो खरोखर उडतात. आणि नुसत्या एक्सप्लेनवर भागत नाही, त्यात ट्रिगरचा, म्हणजे डिलीटबरोबर आपोआप होणाऱ्या तपासणीचा, वेळ येतच नाही.

उत्तर तळाच्या ओळींत होतं. ऑर्डरी काढायला एक मिलिसेकंदही लागला नव्हता. पण चलनाच्या फॉरेन कीचा (चलन कुठल्या ऑर्डरीचं हे बांधणाऱ्या दुव्याचा) ट्रिगर, कॉल्स 10, वेळ 1500 मिलिसेकंद. म्हणजे दर ऑर्डरीमागे 150. चार हजारांना गुणा, दहा मिनिटं झाली! प्रत्येक ऑर्डर काढताना 'हिचं चलन उरलंय का' हे बघायला अख्खं चलन टेबल पहिल्यापासून वाचलं जात होतं.

पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) बनवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन बनवतं, त्यामुळे तिकडून आलेली माणसं इथं हमखास फसतात. चलनातल्या ऑर्डर क्रमांकावर इंडेक्स करा. चालू कारखान्यात क्रिएट इंडेक्स कनकरंटली वापरा, म्हणजे चलनं निघत राहतात. मात्र ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. जोड-इंडेक्स (एकाहून जास्त कॉलमांचा) असेल तर हा कॉलम त्यात पहिला हवा. ऑन डिलीट कॅस्केड (ऑर्डरीबरोबर तिची चलनंही आपोआप काढणं) असेल तर चलनाखालच्या टेबलांनाही हाच नियम लावा, नाहीतर दुखणं एक पायरी खाली सरकतं.

इंडेक्स झाल्यावर त्याच दहा ऑर्डरी पुन्हा चालवल्या. ट्रिगरचा वेळ दोन मिलिसेकंदांच्या आत आला. रात्री पाळी सुटल्यावर पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत सगळ्या काढल्या आणि व्हॅक्यूम (काढलेल्या रोंची जागा मोकळी करणारा आदेश) चालवलं. त्याने डिस्कवरची फाइल सहसा लहान होत नाही, पण मोकळी झालेली जागा नव्या ऑर्डरींना मिळते.