शस्त्रक्रियेनंतर गिनीपिगचे पोट रिकामे राहू देऊ नये

गिनीपिगच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांपेक्षाही अधिक काळजी त्याच्या पोटाची घ्यावी लागते, कारण खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि एका दिवसातच जीव धोक्यात येऊ शकतो. तो गवताच्या काडीलाही तोंड लावत नसेल, तर डॉक्टरांना विचारून त्याचे नेहमीचे गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ करावे आणि १ मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने, पुढच्या दातांच्या मागे गालाच्या बाजूने, थेंब-थेंब भरवावे. तो चावून गिळेपर्यंत थांबावे, घाईत अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. हे दर तीन-चार तासांनी, रात्रीही, करावे लागते. रोज ठरल्या वेळी वजन करावे. लेंड्या बारीक, कोरड्या किंवा कमी झाल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने ढोबळी मिरचीची फोड रोज द्यावी. जळगावकडे घरात केळी असतातच, पण या दिवसांत ती देण्याचा मोह टाळावा. भुश्याऐवजी स्वच्छ सुती कापड अंथरावे. खानदेशचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो आणि गिनीपिगला २७ अंशांवरची उष्णताही सोसत नाही, म्हणून पिंजरा सर्वांत गार खोलीत, मात्र कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवावा. घरात उरलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) औषध कदापि पाजू नये. ते त्याच्या आतड्यांना घातक ठरते.