शाळेच्या भिंतीवर गावाच्या हातून चित्र कसे उतरवावे

चित्रकाराने आदल्या दिवशी भिंतीवर सगळी बाह्यरेषा काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या बायापोरांच्या हाती डबे देऊन 'इथं निळा भरा, तिथं हिरवा' असे सांगायचे, याला सध्या सर्रास कार्यशाळा म्हणतात. फोटो छान येतात, पण त्या भिंतीवर गावाचे काही नसते. रेषा ज्याची, चित्र त्याचे. लोकांबरोबर काम करायचे असेल तर रेषा लोकांच्या हातून निघाली पाहिजे. तुम्हाला स्वतःला चित्र काढता येते, हे मी धरून चालते.

परवानगी आणि पैसे

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव घ्या. मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी होकारही त्यांच्याबरोबर जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. त्या महिलांना पहिल्याच बैठकीत भेटा, पुढे घरोघरी तुम्हाला त्याच नेतील. मानधनाचा आकडा ठरावात लिहून घ्या. रंगाला पैसे आहेत पण कलाकाराला नाहीत, असे म्हणणाऱ्या संस्थेचे काम घेऊ नका. एकाने फुकट केले की पुढच्यालाही फुकटच बोलावतात.

दिवस आणि भिंत

दिवाळी ते होळी हा काळ चांगला. तारीख ठरवण्याआधी कापूस कुठवर आलाय ते विचारा. वेचणी चालू असताना ठेवलेल्या कार्यशाळेला फक्त शाळेतली मुले येतात.

जुना चुना तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडून काढा, नाहीतर वर्षभरात रंग पापुद्र्यांनी सुटतो. तळाशी लोणा, म्हणजे ओलीने फुटलेला क्षार, लागला असेल तर तेवढी पट्टी गेरूच्या रंगाची सोडा आणि चित्र दीड फुटावरून सुरू करा. वर प्राइमर आणि बाहेरच्या भिंतीचा इमल्शन. एवढे काम रंगाऱ्याकडून करून घ्या.

रेषा काढून घेणे

सगळ्यात अवघड टप्पा हा. मला तो जमायला बरीच वर्षे लागली.

"अहो मॅडम, आम्हाला कुठं चित्र येतंय? तुम्ही काढा, आम्ही रंगवतो." हे वाक्य तुम्हाला प्रत्येक गावात ऐकायला मिळेल. पुरुषांतला एखादा सांगेल, शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, त्यानंतर हातात ब्रश धरला नाही. म्हणून कागद आणि पेन्सिल वाटूच नका. कोरा कागद समोर आला की माणसाला परीक्षेचा हॉल आठवतो आणि हात आखडतो.

'काहीही काढा, चुकीचं काही नसतं' हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. जी बाई रोज दारात ठिपक्यांची रांगोळी घालते, तिला रेषा कुठे हुकली ते तुमच्या-माझ्या आधी कळते. तिला 'चुकीचं काही नसतं' असे सांगणे म्हणजे तिला जे येते ते मोजायलाच नकार देणे.

सुरुवात जमिनीवर करा. पटांगणाचा एक कोपरा झाडून, सडा टाकून घ्या आणि पांढऱ्या रांगोळीची परात मध्ये ठेवा. मग प्रश्न विचारा, आणि तो नेमका असू द्या. 'आपलं गाव काढा' म्हटलेत की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी आणि नारळाचे झाड येते. आसपास एकही नारळ नसलेल्या गावातसुद्धा हेच येते, कारण चित्र म्हणजे हे, असे शाळेने डोक्यात बसवलेले असते. त्याऐवजी विचारा : 'नळ नव्हता तेव्हा पाणी कुठून आणायचात? तुमच्या दारापासूनची वाट काढून दाखवा.'

मराठवाड्यातल्या एका गावात हा प्रश्न विचारल्यावर एक आजी पुढे झाल्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून त्यांनी दारापासून रेघ सोडली, एका ठिकाणी ती वाकडी नेली, कारण तिथे खडक होता. पुढे दोन वेढे घातले, ती बाभूळ. शेवटी विहिरीचा गोल, आणि आत एकेक पायरी मोठ्याने मोजत. मागून कोणीतरी म्हणाले, "बाभूळ अलीकडं होती, आत्याबाई." झाले, पाच-सहा जणी खाली बसल्या आणि परातीत हात गेले. असा वाद सुरू झाला की आपण तोंड उघडायचे नाही. तो मिटवायला गेलात तर रांगोळीही थांबते.

या वेळी तीन गोष्टी सांभाळा. मुलांना तासभर उशिरा बोलवा, ती आधी आली की सगळी जागा व्यापतात आणि बाया कौतुकाने बघत उभ्या राहतात. चित्रकलेच्या शिक्षकांना रंग कालवण्याचे काम द्या, कारण दुसऱ्याची रेघ सुधारण्याची सवय त्यांच्या हाताला असते. आणि तिसरी स्वतःसाठी : कोणाच्याही हातून रांगोळी घेऊन 'असं करा' म्हणून दाखवू नका. एकदा दाखवलेत की पुढची प्रत्येक रेघ तुमच्याकडे बघत निघेल. "बरोबर आहे का?" असे विचारले तर "विहीर डाव्या हाताला होती की उजव्या?" असे विचारा.

आता जमिनीवरचे भिंतीवर न्यायचे. इथे पुष्कळ जण घाबरून प्रोजेक्टर आणतात. नको. नकाशातला आपापला तुकडा प्रत्येकीला पुन्हा ठिपक्यांवर काढायला सांगा : पाच बाय पाच ठिपके, दोन ठिपक्यांत चार बोटांचे अंतर. भिंतीवर तेवढेच ठिपके द्यायचे, पण एकेक वितीवर. चार बोटे म्हणजे साधारण तीन इंच आणि वीत नऊ इंच, त्यामुळे फूटभर तुकडा आपोआप तीन फुटांचा होतो. मोजायचे मात्र एकीनेच, हात बदलला की अंतर बदलते. ही रीत ठिपक्यांची रांगोळी घालणारीला समजवावी लागत नाही. चाळीस फुटांच्या कुंपणभिंतीला बारा-तेरा जणी पुरतात, आणि एका तुकड्यातली वाट पुढच्या तुकड्यात जाते ना, एवढे तुम्ही बघायचे.

जमिनीवर सुबक गोल काढणारीचा गोल उभ्या भिंतीवर डगमगतो, कारण तिथे हात खांद्यातून फिरवावा लागतो. आधी शेजारच्या बिनरंगाच्या सिमेंटच्या भिंतीवर ब्रश पाण्यात बुडवून काढू द्या. रेघ दिसते आणि थोड्या वेळात वाळून जाते, त्यामुळे भीडही चेपते. मग खऱ्या भिंतीवर खडूने. कोळसा वापरू नका, तो पिवळ्या-पांढऱ्या रंगात मिसळून मळकट दिसतो. इतके करूनही रेघ थरथरली तर तशीच ठेवा. रात्री एकटे जाऊन ती सरळ करणारे कलाकार मी पाहिले आहेत. सकाळी त्या बाईला कळल्याशिवाय राहत नाही आणि ती पुन्हा येत नाही.

आणखी एक. दिसेल त्या भिंतीवर वारली माणसे काढणे थांबवा. डहाणू-तलासरीकडच्या वारली समाजाचे ते चित्र, लग्नात भिंतीवर काढायच्या त्यांच्या चौकाशी जोडलेले. विदर्भातल्या गावाला स्वतःची विहीर आणि स्वतःचा पोळा असताना ते उसने आणायची गरज नाही.

रंग

पाच-सहा रंग पुरतात. गडद छटा दुकानातून तयार घ्या. पांढऱ्यात स्टेनर (छटा आणायचा दाट रंग) फार ओतला तर रंग नीट वाळत नाही आणि पहिल्या पावसात ओघळतो. आधी मागची जागा, मग आकार, शेवटी रेषा.

नावे

काढणाऱ्या प्रत्येकीचे नाव भिंतीवर लिहा आणि ते तिने स्वतः लिहावे. लिहिता येत नसेल तर तिने सांगितलेले चिन्ह काढू द्या. देणगीदाराचे नाव यापेक्षा मोठ्या अक्षरात येणार नाही, हे ठरावातच नमूद करा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, वर छटेचा क्रमांक लिहून, शाळेच्या कपाटात ठेवा आणि किल्ली समितीतल्या एखाद्या ताईंकडे द्या. पावसाळ्यानंतर डागडुजी त्याच करतील.