सुरमईची फिले: विळीची सवय सोडून सुरीने काटा काढताना

कोकणात सुरमई बहुधा आडवी कापली जाते. विळीवर किंवा कोयत्याने पाडलेल्या गोल तुकड्यांत मधला काटा तसाच राहतो आणि तळताना तो तुकडीला आधारही देतो, त्यामुळे ती पद्धत चुकीची म्हणता येणार नाही. मात्र काटा नसलेली सलग फाक, म्हणजे फिले, हवी असेल तर मासा कण्याच्या लांबीने उभा सोडवावा लागतो, आणि तिथे विळीची सवय आडवी येते. विळीचे पाते स्थिर असते व मासा दोन्ही हातांनी त्यावर दाबला जातो. सुरीच्या कामात मासा स्थिर राहतो, पाते फिरते आणि जोर फारसा लावावा लागत नाही.

सरावासाठी तीन ते चार किलोंची सुरमई योग्य ठरते. तिला रावसासारखे खवले काढावे लागत नाहीत, आणि कणा जाड असल्याने तो सुरीला लगेच जाणवतो. मासा कापण्याच्या क्षणापर्यंत बर्फात ठेवावा. थंड मांस घट्ट राहून स्वच्छ कापले जाते, हा एक फायदा. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सुरमई बांगड्याच्या कुळातील मासा असल्याने उबेत राहिल्यास तिच्या मांसात हिस्टामिन हे विषबाधा घडवणारे द्रव्य तयार होते, आणि ते नंतर कितीही शिजवले तरी नाहीसे होत नाही.

सुऱ्या दोन असाव्यात: डोक्यामागचा छेद घेण्यासाठी जाड, ताठ पात्याची एक आणि कण्यालगत फिरवण्यासाठी सुमारे २० सेंटिमीटर लांबीची, किंचित लवचिक अशी दुसरी. धारेच्या दगडावर पाते १५ ते २० अंशांच्या कोनात धरून धार लावावी. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला की धार पुरेशी झाली. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी बुळबुळीत माशावरून कुठे निसटेल याचा नेम नसतो, म्हणून धारदार सुरीपेक्षा बोथट सुरीचीच भीती अधिक बाळगावी. फळीखाली ओले फडके पसरावे, मासा व सुरीची मूठ कोरडी पुसून घ्यावी आणि मासा धरणाऱ्या हातात शक्य असल्यास न कापला जाणारा हातमोजा घालावा.

पोट गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत उघडताना सुरीचे टोक उथळ ठेवावे, कारण पित्ताशय फुटले की कडवटपणा मांसाला लागतो. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, असेल तर ती अखंड बाजूला काढावी. कण्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले काळपट रक्त खरवडून मासा थंड पाण्याने एकदाच धुवावा व पूर्ण कोरडा करावा.

आता कल्ल्यामागच्या पराच्या (पोहण्याच्या पंखाच्या) पाठीमागून तिरका छेद कण्याला टेकेपर्यंत घ्यावा. त्यानंतर पाठीच्या परालगत, डोक्याकडून शेपटीकडे, पहिल्या फेरीत केवळ कातडी उघडावी. दुसऱ्या फेरीत पाते काट्यांवर टेकवून, संपूर्ण लांबी वापरत, एकाच दिशेने ओढावे. करवतीसारखे मागेपुढे केल्यास मांस फाटते. पाते योग्य जागी असेल तर काट्यांवरून घासल्याचा बारीक करकर आवाज येतो, आणि तो थांबला की सुरी मांसात भरकटली असे समजावे. कण्याचा उंचवटा ओलांडताना पाते थोडे वर उचलून पलीकडे पुन्हा खाली टेकवावे, बरगड्यांवरून ते अलगद सरकवावे आणि फाक वेगळी करावी.

दुसरी बाजू नेहमीच अवघड जाते, कारण खालचा आधार गेल्यामुळे मासा फळीवर लवतो. अशा वेळी पहिली फाक तात्पुरती जागेवर ठेवून मासा उलटावा.

फाकेच्या मध्यरेषेवर बोट डोक्याकडच्या बाजूला फिरवल्यास बारीक काट्यांची ओळ टोचते. चिमट्याने एकेक काटा उपटत बसण्यापेक्षा त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी छेद देऊन गडद तांबड्या मांसाची पट्टीच काढून टाकणे सुरमईच्या बाबतीत सोयीचे वाटते. पाठीकडची जाड आणि पोटाकडची पातळ अशा दोन फाका हाती येतात. तव्यावर तळायचे असल्यास कातडी ठेवावी. काढायची असल्यास शेपटीकडचे टोक कोरड्या फडक्याने घट्ट धरावे, पाते कातडीकडे किंचित झुकवून जवळजवळ आडवे ठेवावे आणि कातडी डावी-उजवीकडे हलवत आपल्याकडे ओढावी. या एका टप्प्यात सुरी स्थिर राहते व मासा सरकतो, त्यामुळे विळीवर वाढलेल्या हातांना तो पटकन साधतो.

तयार फाका पुन्हा पाण्याखाली धरू नयेत. पुसून, झाकून, बर्फावर ठेवाव्यात. कण्याला उरलेले मांस चमच्याने खरवडून कटलेटसाठी घ्यावे, आणि डोके व काटे कालवणात घालावेत. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत हे कालवण जरा जास्तच मांसल होते, पण घरात त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.