बीचवर फ्लाय फिशिंगला जाताय? पंचगंगेवरच्या सवयी घाटावरच ठेवा, या चुका टाळा

मे महिना आला की कोल्हापुरातली पोरं रॉडच्या नळ्या गाडीला बांधून देवगड-मालवणकडं उतरायला लागतात, चांगलंय, पण परत आल्यावर सगळ्यांचं एकच रडगाणं, "फेक लांब जात नाही राव." फ्लाय फिशिंग म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी (फ्लाय) जड लाईनच्या वजनानं लांब फेकायची. त्यात फेकीचा दोष कमी असतोय, नदीवरच्या सवयी जास्त नडतात.

पहिली गोष्ट वेळ. निवांत मिसळ हाणून निघायचं, फोंडा घाट उतरून दुपारी वाळूत पोचायचं, की समोरनं तोंडावर वारा. उन्हाळ्यात जमीन तापली की समुद्रावरनं वारा सुटणारच, दुपारनंतर तर विचारूच नका. म्हणून आदल्या रात्री खाली मुक्कामाला जा आणि उजाडायच्या आत पाण्याजवळ उभे राहा.

त्यातही भरती बघून जा. जुना हिशोब सोपा हाय, तिथीची पाऊणपट करा, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास भरती, ही झाली मुंबईची ढोबळ वेळ, तळकोकणात ती थोडी आधी लागते. एकादशी-द्वादशीला म्हणजे पहाटे पाणी चढत असतं, आपल्याला तेच पाहिजे. (एकादशीला मासे धरायचे का, ते ज्याचं त्यानं घरात विचारून ठरवावं.) अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा, पाणी कमी हलतं, मासा पण सुस्त.

पोचल्या पोचल्या कमरेएवढ्या पाण्यात शिरू नका! लाट फुटते तिच्या अलीकडं किनाऱ्याला लागून बऱ्याचदा एक खोलगट पट्टा असतो, बारकी मासळी तिथं आणि तिच्या मागं मोठा मासा पण तिथंच, आणि आपण नेमकं त्याच्यावर पाय देऊन पलीकडं फेकत बसतो. पहिल्या चार फेकी कोरड्या वाळूतनं टाका. ओहोटीला एक चक्कर मारून खड्डे कुठं आहेत ते बघून ठेवलं तर अजून भारी. पाण्यात उतरायचंच असेल तर पाय उचलून टाकू नका, घासत चला, वाळूत पाकट दबून बसलेली असते आणि तिच्या शेपटीचा काटा लई वाईट. रापण (किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तिथनं मात्र लांबच उभं राहायचं, ते त्यांचं पोट हाय.

आता फेक का जात नाही? खाली बघा. फेकल्यावर हातानं परत ओढलेली लाईन पायाशी लाटेत पडलेली असते, लाट तिला ओढून नेते, पायाला गुंडाळते, मग ती सुटणार कशी? महाद्वार रोडवर मिळतो तसला प्लास्टिकचा टब घ्या, तळाला भोकं पाडून केबल टाय उभे ठोका, पट्ट्यानं कमरेला बांधा, ओढलेली लाईन त्यात पडू द्या. उभ्या टायमुळं गुंता होत नाही. दुसरं, थंड पाण्यासाठी बनवलेली लाईन आपल्या उन्हात मऊ पडून रॉडच्या कड्यांना चिकटते, घेताना ट्रॉपिकल बघून घ्या, आणि लाटेत तरंगणारीपेक्षा हळू बुडणारी इंटरमिजिएट बरी. रॉड ९ फुटी, ८ किंवा ९ वेटचा (वेट म्हणजे किती जड लाईनसाठी, तो आकडा) बास.

मासा लागतोय पण सुटतोय? हिसका मारताय तुम्ही. नदीवर गळाला टोचलं की काठी वर खेचायची सवय हाडात बसलेली असते, इथं तसं केलं की फ्लाय त्याच्या तोंडातनं निघून येते. रॉडचं टोक पाण्याकडंच ठेवा आणि डाव्या हातानं लाईन लांब, घट्ट ओढा, वजन लागलं की मगच रॉड उचला. जिताडा असो नायतर तांबोशी, कडक तोंडात हुक असाच रुततो.

वारा उजवीकडनं असेल आणि तुम्ही उजव्या हातानं फेकत असाल तर फ्लाय सरळ कानाकडं येते. समुद्राकडं पाठ करा आणि मागं जाणारी फेकच पाण्यात सोडा. गॉगल घाला, हुकच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडनं दाबून टाका.

घरी आल्यावर रीलवर पाईपचा जोरात फवारा मारू नका, मीठ अजून आत जातं. स्पूल (लाईन गुंडाळलेली चकरी) काढून कोमट गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, वाळवा, ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून ठेवा. तरी किरकिर करत असेल तर आत वाळू हाय, उघडून पुसा आणि थोडं ग्रीस लावा.