स्कॅन दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायचाय? फिल्मचा फोटो नको, डायकॉम मागा

मी मिरजेत एका सीटी-एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे. जत, अथणी, घाटाखालून रत्नागिरी, असे सगळीकडचे पेशंट आमच्याकडे येतात. स्कॅन इथं होतो, पण पुढचा सल्ला बऱ्याचदा पुण्याला नाहीतर मुंबईत टाटाला घ्यायचा असतो. मग दोन दिवसांनी सेंटरवर फोन येतो, "मॅडम, फिल्मचे फोटो पाठवले की, पण मोठे डॉक्टर म्हणत्यात काय कळत न्हाई त्यातलं." डॉक्टरांचं बरोबर असतं. आणि यात वाया जातो तो पेशंटचा वेळ, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

छातीच्या सीटीत पातळ स्लाइस, म्हणजे शरीराचे आडवे काप, घेतले तर तीनशेच्या वर प्रतिमा तयार होतात. फिल्मवर त्या सगळ्या मावत नाहीत. एका शीटवर वीस-तीस चौकटी बसतात, त्यामुळे जाड, साधारण ५ मिलिमीटरचे स्लाइस निवडून छापतात. आता फुप्फुसात ६ मिलिमीटरची गाठ आहे असं धरा. एक मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये ती सलग पाच-सहा प्रतिमांत येते. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर, माउसने वरखाली सरकत बघतात की हा ठिपका पुढे रक्तवाहिनी होऊन लांबत जातो, की तिथल्या तिथं गोल राहून संपतो. लांबत गेला तर वाहिनी, गोल राहिला तर गाठ. फिल्मवर हाच ठिपका एखाद-दुसऱ्या चौकटीत दिसतो, आणि एका चौकटीवरून तो काय आहे हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट विंडोची, म्हणजे स्कॅनमधला कुठला भाग उजळून दाखवायचा त्या सेटिंगची. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००, घट्ट हाडाचा हजाराच्या आसपास किंवा वर. मूळ डेटा स्क्रीनवर उघडला की त्यातूनच फुप्फुस वेगळं, मऊ भाग वेगळा, हाड वेगळं उजळून बघता येतं. फिल्मवर जी विंडो छापली तीच राहते. त्या फिल्मचा खिडकीसमोर धरून मोबाइलने फोटो काढला, तर करड्या रंगाच्या ४०९६ छटांतल्या जास्तीत जास्त २५६ उरतात, वर व्हॉट्सअ‍ॅप तो फोटो आणखी दाबतं. खिडकीचे गज मात्र त्यात स्पष्ट दिसतात.

म्हणून मागायचा तो डायकॉम डेटा. डायकॉम ही स्कॅनच्या प्रतिमा साठवायची जगभरची एकच पद्धत आहे, हे नाव १९९३ पासून चालत आलंय. मिरजेतला डेटा मुंबईत उघडतो, मुलगा अमेरिकेत असेल तर तिथल्या डॉक्टरांकडेही उघडतो. प्रत्येक फाइलच्या पोटात पेशंटचं नाव, वय, तारीख, स्लाइसची जाडी अशी माहिती असते.

स्कॅनच्या दिवशी काउंटरवर एवढंच म्हणा: "डायकॉम डेटा द्या, सगळ्या सिरीज, पातळ स्लाइससकट." सिरीज म्हणजे एका प्रकारच्या प्रतिमांचा संच. शेवटचे दोन शब्द विसरू नका. पुष्कळ ठिकाणी सीडीवर फक्त जाड सिरीज टाकतात आणि पातळ स्लाइस मशीनच्या कॉम्प्युटरवरच राहतात. तिथली जागा भरली की जुना डेटा पुसला जातो, मग महिन्याभराने मागून मिळेलच असं नाही. पेनड्राइव्ह नेणार असाल तर नवा, पाकिटबंद न्या. वापरलेला पेनड्राइव्ह आम्ही मशीनला लावत नाही. व्हायरस शिरला तर स्कॅनचं काम बंद पडतं आणि बाहेर अपघाताचा पेशंट स्ट्रेचरवर ताटकळतो. सेंटरने लिंक दिली तर ती किती दिवस चालेल हे विचारा आणि त्याच आठवड्यात डाउनलोड करून ठेवा. जुने रेकॉर्ड द्यायला कुणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत पेशंटने मागितलेले वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यावेत असं स्पष्ट आहे.

घरी आल्यावर सीडी लॅपटॉपवर उघडून बघा. आत डायकॉमडीआयआर (DICOMDIR) नावाची एक फाइल आणि एक-दोन फोल्डर दिसतील. फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाच्या शेकडो फाइली असतील, त्यावर क्लिक केलं तर बहुतेक काहीच उघडणार नाही. घाबरू नका, सीडी खराब नसते. त्या बघायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं: विंडोजवर मायक्रोडायकॉम, मॅकवर होरोस, दोन्हीकडे चालणारं वीसिस (Weasis). तिन्ही घरगुती वापराला फुकट आहेत. उघडून नाव, तारीख आणि शरीराचा भाग तपासा. एकाच आडनावाचे दोन पेशंट एका दिवशी आले तर सीडीची अदलाबदल होऊ शकते, आणि ती मुंबईत कळण्यापेक्षा मिरजेत कळलेली बरी.

पाठवताना त्यातल्या 'कामाच्या' फाइली निवडायला जाऊ नका आणि एकाही फाइलचं नाव बदलू नका. डायकॉमडीआयआर ही आतल्या फाइलींची यादी असते. नावं बदलली की यादी बिघडते आणि डॉक्टरांकडे अर्धवट उघडतं. सीडीतलं सगळं एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, त्या फोल्डरची झिप फाइल करा आणि झिपला नाव द्या: आडनाव, सीटी छाती, तारीख. सीटीचा एक स्लाइस साधारण अर्धा एमबीचा असतो, म्हणजे तीनशे स्लाइसचे दीडशे एमबी झाले. जीमेलला २५ एमबीच्या वर जोडता येत नाही. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते, तिथं झिप चढवा आणि डॉक्टरांचा ईमेल टाकून फक्त त्यांनाच परवानगी द्या. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंतची फाइल तशी जाते, आणि दाबली जात नाही. रिपोर्टची पीडीएफही तशीच जोडा. साधा एक्स-रे असेल तरी हाच नियम.

हे काम नेट कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात करणार असाल तर उठण्याआधी डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करा, जीमेलमधून बाहेर पडा. आईच्या गर्भाशयाचा स्कॅन दुकानातल्या कॉम्प्युटरवर पडून राहणं मला तरी सहन होत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर स्कॅन टाकूच नका. नाव, वय, आजार, सगळं त्यात असतं आणि पुढे ते कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

लिंकसोबत एक नीट मेसेज लिहा. नुसती लिंक आली तर डॉक्टर कुठून सुरुवात करणार? वय, त्रास काय आणि कधीपासून, आधी झालेली ऑपरेशन्स, बीपी-शुगर, चालू गोळ्या, स्कॅन कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठून दिसावी म्हणून देतात ते औषध) देऊन केला की साधा, आणि तुमचा नेमका प्रश्न. 'ऑपरेशन लागेल का' हा एक प्रश्न, 'बायोप्सी करावी का' हा दुसरा. प्रश्न स्पष्ट असला की उत्तरही स्पष्ट येतं.

रात्रीच्या अपघाताला मात्र हे सगळं बाजूला ठेवा. डोक्यात रक्तस्राव आहे का हे न्यूरोसर्जनना लगेच बघायचं असतं, तेव्हा ड्यूटीवरच्या टेक्निशियनना सांगा की स्क्रीनवर स्लाइस सरकवत व्हिडिओ काढू द्या आणि तो पाठवा. हातात फिल्मच असेल तर व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर, लावा, खोलीतले दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद करा, आधी अख्खं शीट आणि मग चौकटी जवळून घ्या. फिल्मवरची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत. उलटी लागली की डावं-उजवं बदलतं, सेल्फी कॅमेऱ्यानेही तोच घोळ होऊ शकतो. व्हिडिओवर झालेलं निदान तातडीपुरतं धरा, मूळ डेटा पेशंटबरोबर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेलाच पाहिजे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा क्रमांक (आरोग्य नोंदींसाठीचा ओळख क्रमांक) काढला असेल तर नोंदणीच्या वेळी सांगा. सेंटर जोडलेलं असेल तर रिपोर्ट तुमच्या अ‍ॅपमध्ये येतो आणि तुम्ही संमती दिल्यावरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतो. तरीही डायकॉम डेटा वेगळा मागून घ्या.

डॉक्टरांचं उत्तर आलं की ड्राइव्हवरची परवानगी काढून घ्या, पण डेटा पुसू नका. पेनड्राइव्हवर एक आणि लॅपटॉपवर एक अशा दोन प्रती ठेवा. पुढचा स्कॅन कुठेही असो, जुना डेटा बरोबर न्या आणि टेबलावर झोपायच्या आधी टेक्निशियनच्या हातात द्या. दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावून मापं घेतली की गाठ तेवढीच आहे, वाढलीय की कमी झालीय, हे रेडिओलॉजिस्टना रिपोर्टात लिहिता येतं.